वर्तमानपत्र कोणाचे?

वर्तमानपत्राला समाजाचा आरसा म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. उपमा सोयीची आहे. परंतु तीत एक मोठी उणीव आहे. आरशाला निवड करता येत नाही. समोर सावकार उभा राहो की हमाल, तो दोघांचेही प्रतिबिंब सारख्याच निर्विकारपणे दाखवितो. वर्तमानपत्राचे काम मात्र निवडीवाचून एक दिवसही चालावयाचे नाही. गावात, जिल्ह्यात, देशात आणि जगात एका दिवसात ज्या असंख्य घटना घडतात त्यांतून शे-दोनशे घटना कोणीतरी उचलतो, त्यांना क्रम देतो, एकीला पहिल्या पानावर मानाने बसवितो, दुसरीला आतल्या पानाच्या कोपऱ्यात सरकवितो; आणि ज्या उचलल्या जात नाहीत त्या वाचकांपुरत्या तरी घडलेल्याच नसतात.

या लेखात आम्ही त्या निवडीचा विचार करणार आहोत. निवडणारा कोण असतो, त्याच्या निवडीत कोणाला जागा मिळते, आणि ज्याला ती कधीच मिळत नाही तो वाचक शेवटी काय करतो, असे हे तीन प्रश्न आहेत. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ देशोदेशीच्या अभ्यासकांनी यांवर पुष्कळ कष्ट घेतले आहेत. बातमी आज कागदावरून येते तशी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून आणि हातातल्या फोनवरूनही येते. परंतु साधन बदलल्याने निवड टळत नाही. म्हणून वर्तमानपत्र हा शब्द आम्ही येथे सर्व वृत्तमाध्यमांसाठी वापरला आहे.

दारापाशी उभा असलेला माणूस

कुर्ट लेविन हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले एक नामांकित मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरातल्या ताटात कोणते अन्न येते आणि ते कोण ठरविते, याचा अभ्यास त्यांनी केला. अन्न शेतातून ताटात येईपर्यंत वाटेत अनेक दारे लागतात, आणि प्रत्येक दारापाशी 'हे आत येऊ द्या, ते नको' असे ठरविणारा कोणीतरी उभा असतो, असे त्यांच्या ध्यानात आले. बातमीलाही हाच नियम लागू पडेल, असे त्यांनी १९४७ साली सुचविले.

डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अभ्यासकाने ही सूचना उचलली आणि असा एक द्वारपाल प्रत्यक्ष शोधून काढला. अमेरिकेतील एका मध्यम शहराच्या वर्तमानपत्रात वृत्तसंस्थांकडून येणारा मजकूर निवडण्याचे काम करणारा हा अनुभवी संपादक होता. १९४९ च्या फेब्रुवारीत एक आठवडाभर त्याने व्हाइटच्या विनंतीवरून नाकारलेला प्रत्येक कागद जपून ठेवला आणि का नाकारला ते त्यावर लिहिले. १९५० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आलेल्या मजकुरापैकी सुमारे नऊ-दशांश मजकूर या गृहस्थाने बाजूला टाकला होता. काही ठिकाणी कारण जागेचे होते, काही ठिकाणी पुनरुक्तीचे. पण पुष्कळ ठिकाणी त्याची स्वतःची मते, आवडीनिवडी आणि आयुष्यभराचे अनुभव हेच कारण होते.

हा मनुष्य लबाड नव्हता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. तो आपले काम इमानाने करीत होता. परंतु इमानदार माणसालाही दोनच डोळे असतात, आणि ते डोळे ज्या घरात, ज्या आळीत, ज्या शाळेत पाहावयास शिकले तेथलीच सवय त्यांना जडलेली असते. कोणती घटना 'बातमी' वाटावी आणि कोणती 'रोजचेच' वाटावी, हे त्या सवयीने ठरते. सार्वजनिक नळावर आठ दिवस पाणी आले नाही, ही ज्याच्या घरी मोटारीने पाणी चढते त्याला किरकोळ तक्रार वाटेल; ज्याच्या घरची मुलगी हंडे घेऊन पहाटे उठते त्याला ती पहिल्या पानावरची बातमी वाटेल. दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून द्वारपाल प्रामाणिक आहे की नाही एवढे विचारून भागत नाही. सगळे द्वारपाल एकाच आळीतून आले असतील तर काय होते, हे पाहावे लागते.

डेट्रॉइटची दंगल आणि कर्नर आयोग

याचे उत्तर एका मोठ्या देशाला फार महाग किमतीत मिळाले. १९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील नेवार्क, डेट्रॉइट आदी शहरांत वांशिक दंगली उसळल्या. एकट्या डेट्रॉइटमध्ये ४३ माणसे मृत्युमुखी पडली. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी इलिनॉय राज्याचे गव्हर्नर ओटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि इतर प्रश्नांबरोबर वृत्तमाध्यमांचा या दंगलींवर काय परिणाम झाला, हाही प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. १९६८ च्या फेब्रुवारीअखेर अहवाल बाहेर पडला. त्यातील एक संपूर्ण प्रकरण वृत्तमाध्यमांवर आहे.

माध्यमांनी आगीत तेल ओतले, असा पुष्कळांचा समज होता. आयोगाने नुसत्या समजावर विसंबून न राहता मोजणी केली. दूरचित्रवाणीवरील दंगली व वंशप्रश्नविषयक ९५५ वृत्तखंड तपासले. त्यांपैकी ८३७ खंडांचा सूर ठरविता आला. ४९४ शांत निघाले, २६२ भावनाक्षोभक आणि ८१ सामान्य. म्हणजे भडकपणाचा आरोप लोक समजत होते तेवढा खरा नव्हता. चुका मात्र झाल्या होत्या, आणि काही फार मोठ्या होत्या. डेट्रॉइटमधील मालमत्तेची हानी पन्नास कोटी डॉलरांच्या वर गेल्याचे वृत्त प्रथम देशभर पसरले. पुढे चौकशीत ती चार ते साडेचार कोटींच्या आसपास असल्याचे दिसून आले. अशा चुका बहुधा अधिकाऱ्यांनी घाईत सांगितलेले आकडे तसेच्या तसे छापल्यामुळे झाल्या होत्या.

परंतु आयोगाचा खरा आक्षेप याहून खोल होता. दंगलीच्या ज्वाला दिसल्या. त्या ज्वाला जेथून उठल्या ती कोंदट घरे, ती बेकारी, पोलिसांविषयीचा तो वर्षानुवर्षांचा राग, यांतले फारसे काही दंगलीआधी वर्तमानपत्रांत आलेच नव्हते. कृष्णवर्णीय नागरिकाचे जन्म, लग्न, व्यवसाय, सभा-संमेलने असे साधे, नित्याचे जीवन गोऱ्या वाचकांपुढे कधी येतच नव्हते. वार्ताहर दंगलीच्या जागी पोलिसांबरोबर येत, पोलिसांना विचारीत, आणि पोलिसांबरोबर परत जात. रस्त्यावरून हे पाहणाऱ्या माणसाला वार्ताहर आणि पोलीस एकाच पक्षाचे वाटले, तर नवल नाही. कृष्णवर्णीय वस्त्यांत मोठ्या वर्तमानपत्रांवरचा विश्वास जवळजवळ उडालेला होता.

मग आयोगाने निवडणाऱ्यांकडे पाहिले. देशातील संपादकीय नोकऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होते. संपादक व पर्यवेक्षक यांच्यात तर ते एक टक्क्याच्याही आत होते, आणि त्यांतलेही बहुतेक जण कृष्णवर्णीयांच्याच मालकीच्या पत्रांत होते. ज्या वस्तीत संपादकवर्गातील एकही माणूस राहत नव्हता, त्या वस्तीची बातमी तेथे आग लागल्यावरच झाली.

दिल्लीतला एक शोध

अमेरिकेतील या प्रश्नाचे एक टोक आपल्या देशाला येऊन कसे भिडले, ते सांगण्याजोगे आहे. केनेथ कूपर हे कृष्णवर्णीय अमेरिकन पत्रकार. बोस्टनमधील वर्णभेदावरील लेखमालेबद्दल 'बोस्टन ग्लोब'च्या ज्या वार्ताहरांना १९८४ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले त्यांत ते होते. पुढे ते 'वॉशिंग्टन पोस्ट'चे प्रतिनिधी म्हणून दिल्लीत आले. १९९६ साली बहुजन समाज पक्षाचे नेते कांशीराम आणि दिल्लीतील पत्रकार यांच्यात मोठा संघर्ष झाला. या प्रसंगाविषयी एखाद्या दलित पत्रकाराचे मत घ्यावे, असे कूपर यांना वाटले. मागणी साधी होती. त्यांनी ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल यांना विचारले.

उनियाल यांनी शोध सुरू केला, आणि आपल्या तीस वर्षांच्या पत्रकारितेत एकही दलित सहव्यवसायी आपल्याला भेटलेला नाही, हे त्यांच्या प्रथमच ध्यानात आले. सरकारी अधिस्वीकृती असलेल्या ६८६ वार्ताहरांची यादी त्यांनी घेतली. ४५४ जणांच्या आडनावांवरून जात कळत होती; त्यांत दलित कोणी नव्हता. उरलेल्या २३२ पैकी ४७ जणांना त्यांनी दूरध्वनी केले. त्यांतही कोणी निघाला नाही. १६ नोव्हेंबर १९९६ रोजी 'पायोनियर' या दैनिकात त्यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आपल्या देशात या विषयावर पुढे जे संशोधन झाले त्यांतील अनेकांनी आरंभ या लेखापासून केला आहे.

दहा वर्षांनी, २००६ साली, अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ राष्ट्रीय वृत्तमाध्यमांतील ३१५ निर्णयाधिकारी व्यक्तींची पाहणी केली. त्यांत अनुसूचित जाती-जमातींचा एकही मनुष्य नव्हता. लोकसंख्येत सुमारे ८ टक्के असलेल्या उच्चवर्णीय हिंदू पुरुषांकडे ७१ टक्के पदे होती. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि 'न्यूजलाँड्री' यांनी वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी वाहिन्या, नियतकालिके व संकेतस्थळे यांतील नेतृत्वाची १२१ पदे तपासली. १०६ पदे उच्चवर्णीयांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते. दूरचित्रवाणीवरील चर्चा चालविणाऱ्या दर चार निवेदकांपैकी तीन उच्चवर्णीय होते. इंग्रजी वर्तमानपत्रांतील लेखांत दलित-आदिवासी लेखकांचा वाटा पाच टक्क्यांवर जात नव्हता. हिंदीत तो सुमारे दहा टक्के होता.

मराठी वाचकाला हे नवे नाही

महाराष्ट्रात हे दुखणे फार पूर्वी ओळखले गेले होते. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केला, तो शेतकरी-कष्टकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांना रुळलेल्या पत्रांत वाव नव्हता म्हणून. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते पत्र मुंबईत चालविले. लोखंडे स्वतः गिरणीत काम केलेले. त्यामुळे गिरणी कामगाराचे कामाचे तास आणि साप्ताहिक सुटी हे त्यांच्या पत्राचे मुख्य विषय झाले. १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, तिच्यामागे लोखंड्यांचे अनेक वर्षांचे श्रम होते. इतरांना जे 'रोजचेच' वाटत होते ते येथे बातमी झाले, कारण निवडणारा मनुष्य त्या आळीतून आला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक काढले. पहिल्या अंकातील 'मनोगत'मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातील पत्रांचा जो आढावा घेतला आहे, तो पुढच्या सर्व संशोधनाचा पाया वाटावा इतका नेमका आहे. बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत, असे तर त्यांनी म्हटलेच. पण ते तेथे थांबले नाहीत. बहिष्कृतांच्या प्रश्नांची आपुलकीने चर्चा करणाऱ्या पत्रांची त्यांनी नावे घेतली, आणि त्यांतही या प्रश्नांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, हे दाखवून दिले. म्हणजे दोष केवळ द्वेषाचा असता तर सद्भावनेने तो भरून निघाला असता. परंतु सद्भावना असलेल्या संपादकाच्या पानालाही आठच रकाने असतात, आणि त्यांत प्रथम कोणाचे दुःख बसवावयाचे हे ज्याच्या त्याच्या निकटतेवरून ठरते. त्याच लेखात जहाजाचा दृष्टान्त आहे. जहाजातील एका उतारूने दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडले तर आगेमागे त्यालाही जलसमाधीच मिळावयाची. डेट्रॉइटच्या आगीनंतर अमेरिकेच्या आयोगाने जे सांगितले त्याचा आशय याहून फारसा निराळा नव्हता.

एक आक्षेप

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. बातमीदाराची जात, वंश किंवा तो स्त्री की पुरुष हे पाहावयाचे कशाला? त्याचे काम पाहावे. उच्चवर्णीय माणसाला दलिताचे दुःख लिहिता येणार नाही काय? शिवाय जात विचारणे हेच जातीयतेला खतपाणी घालणे नव्हे काय?

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. लिहिता येईल, आणि अनेकांनी उत्तम लिहिले आहे. येथे कोणाच्याही लेखणीवर शंका घेतलेली नाही. विचार चालला आहे तो संपूर्ण संपादकवर्गाच्या दृष्टीचा. एक मनुष्य आपल्या अनुभवापलीकडे पाहू शकतो. परंतु सर्वांचा अनुभव एकच असलेल्या पंचवीस माणसांच्या बैठकीत त्यापलीकडचा प्रश्न निघतच नाही, आणि तो निघाला नाही हेही कोणाला कळत नाही. उनियाल यांना तीस वर्षे जे दिसले नाही ते एका परक्या माणसाच्या साध्या प्रश्नाने दिसले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर असे की, न विचारल्याने विषमता नाहीशी होत नाही. ती केवळ मोजली जात नाही. आणि जे मोजले जात नाही त्याविषयी 'आमच्याकडे असे काही नाही' असे म्हणणे फार सोपे असते.

मोजणीने काय साधते?

असे असले तरी केवळ शिरगणतीने सर्व काही साधते, असेही नाही. अमेरिकेतील संपादकांच्या संघटनेने १९७८ साली एक निर्धार केला. त्या वेळी वर्तमानपत्रांच्या संपादकीय विभागांत अल्पसंख्य वंशांचे प्रमाण चार टक्क्यांहून किंचित कमी होते. ते २००० सालापर्यंत लोकसंख्येतील प्रमाणाइतके करावयाचे, आणि दरवर्षी गणती करावयाची, असे ठरले. २००० साल उजाडले तेव्हा आकडा बारा टक्क्यांच्याही आत होता, आणि लोकसंख्येतील प्रमाण मात्र दरम्यान पुष्कळ पुढे गेले होते. मुदत आधीच २०२५ पर्यंत वाढविण्यात आली होती. पुढे पुढे गणतीला उत्तर देणारी पत्रेच कमी होत गेली. २०१८ साली साधारणतः सहांपैकी एकाच पत्राने माहिती पाठविली. २०१९ नंतर ती गणतीही बंद पडली. वर्षातून एकदा दूरच्या कचेरीला आकडा कळवावयाचा, आणि रोजचा अंक पूर्वीसारखाच काढावयाचा, असे झाले म्हणजे मोजणीचा विधी उरतो आणि परिणाम ओसरतो.

याउलट एक उदाहरण ब्रिटनचे आहे. बीबीसीवरील 'आउटसाइड सोर्स' या वृत्तकार्यक्रमाचे निवेदक रॉस ॲटकिन्स यांनी जानेवारी २०१७ मध्ये एक साधी पद्धत सुरू केली. कार्यक्रम संपला की त्याच मंडळींनी दोन-तीन मिनिटे बसून आज किती पुरुष बोलले आणि किती स्त्रिया बोलल्या, ते मोजावयाचे. ज्यांच्यावाचून बातमीच होऊ शकत नाही, म्हणजे प्रधानमंत्री किंवा घटनेचा प्रत्यक्ष साक्षीदार, त्यांना मोजणीतून वगळावयाचे. मोजावयाचे ते फक्त जाणकार, भाष्यकार, वार्ताहर असे लोक, की ज्यांची निवड आपल्याच हाती असते. आणि केवळ संख्या भरण्यासाठी कमी योग्यतेचा माणूस घ्यावयाचा नाही, हा नियम. पहिल्या महिन्यात स्त्रियांचे प्रमाण ३९ टक्के भरले. एप्रिलमध्ये ते ५१ टक्क्यांवर गेले. पुढे बीबीसीतील शेकडो गटांनी आणि अनेक देशांतील संस्थांनी ही पद्धत उचलली. ॲटकिन्स यांना जे हाती लागले ते इतकेच की योग्य स्त्रिया उपलब्ध होत्या. वर्षानुवर्षे त्याच त्या चार पुरुषांना दूरध्वनी करण्याची सवय आड येत होती.

ही सवय किती चिवट आहे, हे दुसऱ्या एका जागतिक मोजणीवरून दिसते. १९९५ साली जानेवारीतील एका ठरलेल्या दिवशी ७१ देशांतील स्वयंसेवकांनी आपापल्या देशातील बातम्या घेऊन त्यांत स्त्रिया किती येतात ते मोजले. शंभरांत सतरा. दर पाच वर्षांनी ही मोजणी होत आली. २०२० साली, ११६ देशांत मोजल्यावर, आकडा पंचवीस भरला. पंचवीस वर्षांत आठ अंशांची वाढ! जगाची अर्धी वस्ती बातमीत एक-चतुर्थांश जागेवर बसलेली आहे.

वाचक काय करतो?

आता तिसरा प्रश्न. ज्याला वर्तमानपत्रात स्वतःचे गाव, स्वतःचा व्यवसाय, स्वतःच्या घरची भाषा कधी दिसत नाही. आणि दिसलीच तर गुन्हा, अपघात किंवा कीव यांच्याच निमित्ताने दिसते, तो वाचक काय करतो? तो भांडत नाही. तो पत्र लिहीत नाही. तो हळूहळू वाचावयाचे सोडून देतो.

ऑक्सफर्ड येथील रॉयटर्स संस्था अनेक देशांत दरवर्षी वाचकांची पाहणी करते. आपण बातम्या जाणूनबुजून टाळतो, कधी कधी किंवा वारंवार, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०१७ साली २९ टक्के होते. २०२४ साली ते ३९ टक्के झाले. टाळण्याची कारणे अनेक आहेत. बातम्यांनी मन खिन्न होते, त्यांचा मारा असह्य होतो, त्यांवर विश्वास बसत नाही. याच संस्थेने ब्राझील, भारत, ब्रिटन आणि अमेरिका या चार देशांतील वंचित समाजांत गटचर्चा घेतल्या आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतात दलित आणि मुस्लिम समाजांतील लोकांशी बोलणी झाली. देश चार, भाषा वेगळ्या; पण तक्रार विलक्षण सारखी निघाली. आमच्याविषयी येते ते वाईटच येते. चांगले घडते तेव्हा कोणी फिरकत नाही. आणि बातम्या सत्तावंतांच्या व पैसेवाल्यांच्या सोयीने लिहिल्या जातात. असे असूनही या लोकांनी पत्रकारितेची आशा सोडलेली नव्हती. आपल्यासारखी माणसे तेथे असावीत आणि आपले जीवन पुरेपूर दाखविले जावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्तीने १९६७ साली याहून वेगळे काय मागितले असते?

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक वाटते. वाचकांचा सहभाग वाढवावा असे आता सर्वच माध्यमे म्हणतात, आणि कोणती बातमी किती जणांनी उघडली, किती वेळ वाचली, हे त्यांना क्षणोक्षणी कळते. परंतु ही मोजणी जे आधीच वाचक आहेत त्यांचीच असते. जो कंटाळून निघून गेला त्याची नोंद तीत होत नाही. शिवाय जाहिरातदाराला ज्याच्या खिशात पैसा आहे तो वाचक हवा असतो. म्हणून नुसत्या वाचकसंख्येच्या मागे लागलेले पत्र जे आधी दिसत होते त्यांनाच अधिक दाखवील, आणि जे दिसत नव्हते त्यांना अधिकच विसरेल. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना मोजून, दारावरून पुढे का गेले हे कळत नाही. त्यासाठी उठून रस्त्यावर जावे लागते.

रस्त्यावर गेल्याने काय होते याचे एक उदाहरण उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यात आहे. २००२ साली तेथे 'खबर लहरिया' हे पत्र बुंदेली बोलीत निघू लागले. ते चालविणाऱ्या स्त्रिया बव्हंशी दलित, आदिवासी व इतर गरीब समाजांतील. काहींचे शिक्षण अगदी थोडे. त्यांनी हातपंप, रस्ते, रेशन, शाळा, स्त्रियांवरील अत्याचार या विषयांना बातमी मानले, आणि गावोगाव पायपीट करून पत्र स्वतः विकले. २००९ साली युनेस्कोने या कामाचा साक्षरतेच्या पारितोषिकाने गौरव केला. पुढे त्यांनी कागद सोडून फोनच्या पडद्यावर बातम्या देण्यास सुरुवात केली. जेथे वाचकच नाही असे मोठी पत्रे समजत होती तेथे वाचक होता. त्याच्याशी त्याच्या बोलीत, त्याच्या प्रश्नांविषयी बोलणारे कोणी नव्हते, इतकेच.

आपल्या गावापुरते

हे सर्व संपादकांनी करावयाचे, आपण वाचकांनी काय करावयाचे, असे कोणी विचारील. जागतिक मोजणी तरी कोणी केली? पुष्कळशी स्वयंसेवकांनीच. त्यांच्याजवळ एक दिवस होता, त्या दिवसाची वर्तमानपत्रे होती आणि एक पेन्सिल होती. हे साहित्य आपल्या गावच्या वाचनालयातही आहे.

एखाद्या आठवड्यातील आपल्या आवडत्या पत्राचे सहा अंक घ्यावे. कागदावर रकाने आखावे. बातमीत नावानिशी कोण आले. स्त्री की पुरुष. कोणत्या गावचे, शहरातले की खेड्यातले. आणि कोणत्या नात्याने आले? अधिकारी म्हणून, जाणकार म्हणून, की केवळ पीडित किंवा आरोपी म्हणून? शेतीच्या बातमीत शेतकऱ्याला विचारले आहे की फक्त मंत्र्याला? सफाई कामगारांच्या संपाच्या बातमीत सफाई कामगार बोलतो आहे काय? आपल्या तालुक्यातील पाड्यांची, तांड्यांची, वस्त्यांची नावे किती वेळा आली, आणि कशासाठी आली? जातीची चौकशी घरोघर करीत फिरण्याची येथे गरज नाही. छापलेला कागदच पुष्कळ सांगतो.

शाळेच्या वरच्या वर्गातील मुलांकडून किंवा महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून हे काम चांगले होईल. निष्कर्ष हाती आले म्हणजे ते वाचनालयाच्या फलकावर लावावे आणि संपादकाकडेही धाडावे. आपला संपादक बहुधा रागावणार नाही. तोही रात्री दोन वाजेपर्यंत जागून पाने लावणारा, थकलेला माणूस असतो. आणि आपल्या अंकात कोण येत नाही, हे त्याला आजवर कोणी मोजून दाखविलेले नसते. पत्रात रागाचे शब्द कमी घालावे, आकडे व्यवस्थित मांडावे, आणि ज्या वस्तीचे नाव आठवडाभरात एकदाही आले नाही तेथे त्याच्या बातमीदाराला एक दिवस घेऊन जाण्याची तयारी दाखवावी.